स्थानिक बातमी

रविवार, ६ जुलै

दादा,

हे पत्र बाबूजींनी लिहायला लावलेलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तू ते न वाचता फाडणार नाहीस. तुझा पत्ता मला मिळालाय हेसुद्धा त्यांना माहीत नाही. पत्ता संजूने दिला. तुझ्याबरोबर रोडवर धावायचा आणि भरतीत उंचीवरून बाद झाला, तोच संजू. राजनांदगावला कोणाच्या तरी लग्नात तू मंडपाच्या मागे खांब सोडवताना त्याला दिसलास. तू त्याला ओळख दाखवली नाहीस म्हणे. त्याने टेंट हाऊसचं नाव गाडीवरून वाचून घेतलं. आपल्याला वाटतो तेवढा तो भोळा नाही.

तुझा नंबर बंद येतो, म्हणून पत्र. शिवाय मी यंदा दहावीला आहे आणि पत्रलेखनाला मार्क आहेत, तेवढाच सराव.

शाळा सुरू झाली. तुला शिकवणारे कटरे सर अजून मराठीला आहेत आणि सकाळचा परिपाठही त्यांच्याच ताब्यात आहे. त्यांनी मला बातम्या वाचायला दिल्यात. एक जगाची, एक देशाची, एक स्थानिक. त्यानंतर कोणीतरी सुविचार सांगतो आणि मग आम्ही वर्गात जातो.

भिंतीचं तुला सांगायला हवं, कारण तू ती पाहिलेली नाहीस. तू ट्रेनिंगला निघालास तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता तो आठवतो ना? तिरोड्याच्या मोबाईलवाल्याने तुझा पासपोर्ट फोटो कुठल्यातरी जवानाच्या धडावर बसवला होता आणि छातीवर पदकंही लावून दिली होती. पोरगा अजून गाडीत बसायचा होता आणि पदकं तयार. तेव्हा तू आणि मी पोट धरून हसलो होतो. मे महिन्यात पाकिस्तानबरोबर सुरू झालं तेव्हा ग्रामपंचायतीने पेंटर बोलावून तोच फोटो शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतला. तोंड तुझं, धड दुसऱ्याचं, अशा माणसासमोरून मी रोज शाळेत जाते. खाली लिहिलंय, 'आमच्या गावचा वीर ओमेश जीवनलाल टेंभरे'. 'वीर' इतकं मोठं लिहिलं की आडनावाला जागाच उरली नाही, ते खालच्या ओळीत गेलंय.

गावासाठी तू अजून फौजेतच आहेस. खरं काय ते घरात आम्हा तिघांना आणि बाहेर एकट्या संजूला माहीत. मायने मला सांगितलं ते असं. चुकत असेल तर दुरुस्त कर. फेब्रुवारीत गुडघ्यामुळे तुला ट्रेनिंगमधून परत पाठवलं. तू तिरोड्याला उतरून बाबूजींना फोन केलास. ते मोटरसायकल घेऊन आले, स्टेशनबाहेर तुला समोसे खाऊ घातले आणि म्हणाले, "चौकातला फ्लेक्स उतरू दे बेटा, मंग येजो. चार दिवसाची गोष्ट हाये." तू पेटी उचललीस आणि आली त्या गाडीत बसलास.

फ्लेक्स उतरला, दादा. वाऱ्याने फाटला. पण तोवर भिंत रंगली होती.

बाबूजींवर रागाव, मी अडवत नाही. पण ते कसे अडकलेत तेही ऐक. कोणी विचारलं, "का जी जीवनलाल, ओमेश कुठं हाये?" तर आधी ते हळूच "बाडरवर" म्हणून पुढे निघायचे. मे महिन्यानंतर लोक इतक्या मायेने विचारायला लागले की थांबून, नीट, मोठ्याने सांगावं लागलं. आता त्यांना मागे येता येत नाही आणि तुला पुढे.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

भूमी


रविवार, २० जुलै

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते.

धानाचा रोवणा जोरात आहे. वर्गात अर्धे बेंच रिकामे, आणि जी पोरं येतात त्यांच्या नखांत चिखल. मीसुद्धा दोन दिवस दांडी मारून शेतातल्या बांधीत होते. वाकून रोपं लावून कंबर गेली. माय माझ्याकडे पाहून म्हणाली, "दहावीची पोट्टी अन् म्हातारीसारखी कण्हून राहिली." बाबूजी यंदा धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या कडेकडेने, मागच्या बाजूने बांधीत जातात. शाळेवरून रस्ता जवळ पडतो, पण तिथे भिंत आहे.

या आठवड्यात जगाच्या बातमीत मी पिठासाठी रांगेत उभे असताना मारल्या गेलेल्या माणसांबद्दल वाचलं. मागच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या पायावर पाय देत होती. मला राग आला, मग वाटलं, मीसुद्धा वाचताना पुढच्या ओळीतलं जोडाक्षर नीट येईल का याच काळजीत होते. कटरे सर सांगतात, बातमी सपाट आवाजात वाचायची. वाचणाऱ्याने रडायचं नाही, ओरडायचं नाही, काय वाटून घ्यायचं ते ऐकणाऱ्यावर सोडायचं. कविता मात्र मूठ वळून म्हणायची. मे महिन्यात टीव्हीवाले बातम्याच मूठ वळून वाचत होते. सारखा भोंगा वाजायचा आणि माय चूल सोडून अंगणात जाऊन उभी राहायची. तू सीमेवर नाहीस हे माहीत असूनही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. शेजारच्या सुमित्राबाई काकूंनी गावच्या बायका जमवल्या आणि ऑटो करून मायला नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला नेलं. तुझ्यासाठी अभिषेक. सगळ्यांनी डोळे मिटून तुझं नाव घेतलं. काकू तर रडल्या. मी मायच्या बाजूलाच होते, माझी मान वर होईना. परत येताना तिला विचारलं, तू काय मागितलंस? ती म्हणाली, "म्या म्हटलं देवा, हे माह्या पोराच्या नावानं आलं, पण त्याले नाही लागत. ज्या मायचा पोरगा तिकडे उभा हाये, तिले देऊन दे." मग ती ऑटोच्या बाहेर पाहत बसली आणि मला वाटलं, आपली माय कोणाला फसवू शकत नाही, देवाला तर नाहीच नाही.

शाळेत आता कविता सुरू आहेत. पुस्तकात युद्धावरच्या म्हणजे वीर रसाच्या. त्यात तलवारी असतात, आणि आई मुलाला ओवाळून पाठवते. सरांनी सरावाला एक बिनपुस्तकातली कविता फळ्यावर लिहून दिली. कोणाची ते त्यांनाही माहीत नाही, कुठल्या लढाईची तेही नाही. कुठेतरी वाचलेली, आठवली तशी लिहिली म्हणाले. तुला उतरवून देते.

मुलगा गेला तेव्हा दाराला कडी लावली नव्हती.
अजून लावली नाही.
दोनदा चोर येऊन गेले,
त्यांना न्यायला काही सापडलं नाही.
एकाने जाताना दार ओढून घेतलं.
मी उठले, पुन्हा उघडलं.

याचं रसग्रहण लिहायचं होतं. आशय, काव्यसौंदर्य, भाषा. मी पानभर लिहिलं, पण रस कोणता ते ठरवता आलं नाही. वीर नाही. करुण म्हणावा, तर बाई कुठे रडतच नाही. सरांनी वही परत देताना शेरा मारला, 'रस लिहिला नाही, एक गुण कमी.' मी विचारलं, मग कोणता लिहायचा? ते फळ्याकडे वळून म्हणाले, "करुण लिहून टाक, बोर्डाले चालते."

मला ती बाई आवडली. आपलं दार मात्र बाबूजींनी स्टेशनवर जाऊन लावून टाकलं. हे लिहिताना मला त्यांचा खूप राग येतोय. मागच्या पत्रात मी त्यांची बाजू घेतली होती, ती आज घेत नाही.

भूमी


रविवार, ३ ऑगस्ट

दादा,

सोबत राखी आहे. माझ्या वर्गातल्या डिंपलने आणि मी तिरोड्याहून आणली. बांधायला कोणी नसेल तर दाताने गाठ मार.

आता खरं काम. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात बाबूजींचा सत्कार ठरला आहे. वीरपिता म्हणून. शाल, श्रीफळ, आणि सरपंच चंद्रकुमार भाऊंचं भाषण. बाबूजी दोनदा त्यांच्या घरी जाऊन नको म्हणून आले. लोकांना तो त्यांचा साधेपणा वाटला. परवा किराणा दुकानात एक जण मला म्हणाला, "तुझ्या बापासारखा मानूस नाही, पोरगा बाडरवर अन् शाल नको म्हनते." जितकं नाही म्हणतात तितकी शाल जवळ येत चाललीय.

आणि कटरे सरांनी तुझ्यावर कविता केली. ती त्या दिवशी मी म्हणायची आहे, कारण मी वीराची बहीण. ऐक:

ओमेश आमुचा सीमेवरती
डोळ्यांत घालुनी तेल उभा,
शत्रूची छाती फुटे ऐकुनी
तिरोड्याच्या वाघाची आभा.

मी म्हटलं, सर, आभा ऐकू कशी येईल, आभा दिसते. ते म्हणाले, "कवितेत चालते. तू मूठ नीट वळ." तू डोळ्यांत तेल घालून उभा आहेस या ओळीला मला हसू येतं आणि मग लगेच येत नाही. तू झोपायला एक नंबर. परीक्षेच्या दिवशीसुद्धा माय पाणी मारून उठवायची.

हसणं सोड. मला भीती वाटते ती ही. आज भिंत आहे, पण भिंत बाबूजींनी रंगवलेली नाही. लोकांनी रंगवली, ते फक्त गप्प राहिले. शाल मात्र त्यांना स्वतः खांद्यावर घ्यावी लागेल, सगळ्या गावासमोर हात जोडून. ती एकदा घेतली की ते कोणत्या तोंडाने सांगतील? आणि त्यांनी नाही सांगितलं तर तू कोणत्या तोंडाने येशील? म्हणजे पंधरा ऑगस्टनंतर तू घरी येऊ शकणार नाहीस. माय एकदा येऊन तुला राजनांदगावला भेटेल, मग दिवाळीला एकदा, आणि आपण सगळे तसंच चालवत राहू. कितीतरी घरं तसं चालवतात. मला नाही चालवायचं.

मी सत्काराच्या दिवशी माईकवर काही बोलणार नाही, काळजी करू नकोस. ते सिनेमात बरं दिसतं. पाहुण्यांसमोर बाबूजींचा पाणउतारा मला करायचा नाही. पण परिपाठात रोज तिसरी बातमी स्थानिक असते आणि ती शोधून आणायचं काम माझंच आहे. आजवर मी काय वाचलं? धान खरेदी केंद्र, बिबट्याने शेळी नेली, पॉवर प्लांटच्या राखेची गाडी उलटली. मी सोमवारी, अकरा तारखेला, तुझी बातमी वाचेन. सपाट आवाजात. गुडघ्याला दुखापत झाल्याने परत आला, राजनांदगावला काम करतो, एवढंच. पोरं घरोघरी सांगतील, आणि दुपारपर्यंत चंद्रकुमार भाऊ शाल परत पेटीत ठेवतील.

बातमी तुझी आहे, म्हणून तुला विचारते. तू नको म्हणालास तर वाचणार नाही. उत्तरच आलं नाही तरी वाचणार नाही. मग मात्र ती वाघाची आभा मला मूठ वळून म्हणावी लागेल आणि त्याला जबाबदार तू.

तुझी बहीण
भूमेश्वरी


मंगळवार, १२ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. कटरे सरांनीच हातात दिलं. पाकिटावर राजनांदगावचा शिक्का होता आणि तुझं अक्षर त्यांनी तीन वर्षं तपासलंय, म्हणजे ओळखलं असणारच. काही विचारलं नाही. "जपून ठेव" एवढंच म्हणाले.

मी ते शाळेच्या मागे उभी राहून वाचलं आणि खरं सांगते, मला तुझा राग आला. मी तुझ्याकडे होकार मागितला होता, तू अटच घालून बसलास. तू लिहिलंस, 'नुसता गुडघा वाचू नको. डॉक्टरने कागद दिला तेव्हा मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. बाकीची पोरं अशा वेळी रडतात. मला धावायला आवडत होतं, पण धावून कुठे पोचायचं हे मी कधी मनाला विचारलंच नव्हतं. हेही वाच. नाहीतर काहीच वाचू नको.'

गुडघ्याची बातमी वाचली असती तर लोक हळहळले असते. बिचारा, नशीब, म्हणाले असते. कदाचित बाबूजींना त्यातून वाटही मिळाली असती. पण बरं वाटलं म्हटल्यावर कोण हळहळेल? मे महिन्यात तुझ्यासोबतची पोरं कुठे कुठे उभी असतील आणि तुला बरं वाटलं. मला क्षणभर तू भित्रा वाटलास. हे लिहून टाकते, कारण तू लिहिलंस तसंच मीही लिहायला हवं. मग मी पाठ केलेल्या सगळ्या कविता आठवून पाहिल्या. त्यातला एकही शिपाई परत येत नाही. आलाच तर तिरंग्यात येतो. चालत आलेल्याला त्यात कुठे जागाच नाही, मग बरं वाटलेल्याला कुठून असणार?

रविवारी बाबूजी बांधीत गेल्यावर मी मायला पत्र वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. 'बरं वाटलं' पर्यंत आल्यावर मी थांबले. ती म्हणाली, "मंग? वाच ना." मी म्हटलं, हे गावासमोर कसं वाचू, लाज वाटते. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भाजी जाळून टाकलीय.

"पोराले बरं वाटलं याची लाज कायले? म्या त्याले नऊ महिने पोटात ठेवला तो कायसाठी, वाईट वाटाले?"

"अन् बाबूजी?"

"त्याईचं मी पाहीन. तू वाच."

काल वाचलं. जगाची बातमी झाली, देशाची झाली. आवाज सपाट राहिला. तुला उतरवून देते, कारण बातमी तुझी आहे:

'स्थानिक बातमी. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी ओमेश जीवनलाल टेंभरे हे सैन्याच्या प्रशिक्षणात गुडघ्याला दुखापत झाल्यामुळे फेब्रुवारी महिन्यात परत आले. ते सीमेवर गेले नव्हते. सध्या ते राजनांदगाव येथे टेंट हाऊसमध्ये काम करतात. परत पाठवल्याचा कागद मिळाला तेव्हा आपल्याला खूप बरं वाटलं, असं त्यांनी कळवलं आहे. बातम्या संपल्या.'

पटांगणात कोणी हललं नाही. नेहमी पायावर पाय देणारी मागची रांगसुद्धा. कटरे सर दोन पावलं पुढे आले, मला वाटलं आता मारतात. ते पुढच्या पोराला म्हणाले, "सुविचार." ते पोर माझ्याकडेच पाहत राहिलं. शेवटी सरांनीच सुविचार सांगितला. कोणता ते मला आठवत नाही.

मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. मग विचारलं, "बातमीची खात्री केली होती का?" मी म्हटलं, हो सर, ज्याची बातमी त्यानेच पाठवली. जा म्हणाले. बाहेर आठवीची पोरं उभी होती. एकाने विचारलं, "ताई, मंग भिंतीवरचा तो कोन हाये?" मी म्हटलं, तोंड आमच्या दादाचं, बाकीचा मला माहीत नाही.

घरी पोचले तर बाबूजी माझ्या आधी घरी होते. बातमी बांधीपर्यंत गेली होती. ओसरीवर चिखलाच्या पायांनी बसलेले, हात धुतले नव्हते. मला म्हणाले, "मले विचारलं होतं का?"

"दादाले विचारलं होतं."

"त्याले विचारलं, मायले विचारलं. अन् मले?"

त्यांचं खरं होतं, दादा. तुला न विचारता वाचायचं नाही हे मला कळलं, त्यांना विचारायचं मनातही आलं नाही, कारण ते नाही म्हणतील हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि न जेवता परत बांधीत गेले. मायने डबा भरून मागे नेला, तो तसाच परत आला. माझ्याशी ते कालपासून बोललेले नाहीत.

मी वाचलं ते चुकलं असं मला वाटत नाही. पण मला वाईट वाटतंय, आणि त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

भूमी


रविवार, १७ ऑगस्ट

दादा,

हे पत्र उद्या सर स्वतः तिरोड्याहून स्पीड पोस्टने टाकणार आहेत, म्हणून पटापट लिहिते.

सत्कार रद्द झाला. चंद्रकुमार भाऊ घरी येऊन म्हणाले, कार्यक्रम जरा लांबतो, म्हणून या वेळी भाषणं कमी करून राहिलो. बाबूजींनी मान हलवली. दोघांनी चहा घेतला आणि पावसाचं बोलले.

भिंतीवर आता तू नाहीस. चौदा तारखेला पेंटर आला होता. सगळं पांढरं करायचं तर रंग फार लागतो, म्हणून पंचायतीने ठरवलं की तुला मिशी काढायची. चांगली जाड, वर वळलेली मिशी काढली, भुवया रुंद केल्या, नाव पुसून 'जय जवान' लिहिलं. आता तो खरोखरच कोणीतरी जवान दिसतो, आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड त्याच्या धडाला शोभतं. मी मिशी नीट पाहून आले. तू ओळखू येत नाहीस, शप्पथ.

सरांनी कविता फेकली नाही. 'ओमेश आमुचा' काढून 'जवान आमुचा' केलं. एक मात्रा कमी पडते, ती डिंपलला ओढून म्हणायला सांगितली. मी म्हणणार नव्हतेच, त्यांनी मला विचारलंही नाही. पण तासाला मला म्हणाले, "ती दाराची कविता आहे ना, तिचा रस मलाही ठाऊक नाही. तुझा एक गुण वाढवतो." आणि खरंच वहीत वाढवला.

परवा सकाळी मला वाटलं बाबूजी झेंड्याला येणार नाहीत. ते दाढी करून, पांढरा शर्ट घालून माझ्याआधी निघाले. धुऱ्याने नाही, रस्त्याने, भिंतीसमोरून. पटांगणात मागे उभे राहिले. कोणी त्यांच्या बाजूला सरकलं नाही आणि कोणी दूरही गेलं नाही. राष्ट्रगीत झालं, डिंपलने मात्रा ओढली, बुंदी वाटली.

नंतर ते सेवकरामच्या टपरीवर चहाला थांबले. मी बुंदीचा पुडा घेऊन मागून येत होते, त्यांना दिसले नव्हते. बाकड्यावर चार-पाच जण होते. त्यात म्हातारे उदारामजी, ज्यांना गावात काय चाललंय ते सगळ्यांत शेवटी कळतं, किंवा ते तसं दाखवतात. त्यांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "का जी जीवनलाल, ओमेश कुठं हाये मंग?"

सेवकरामने गाळणी हातातच धरून ठेवली. बाबूजींनी कप खाली ठेवला. मला वाटलं ते उठून जातील.

ते म्हणाले, "राजनांदगावले. टेंट हाऊसमंदी हाये. मंडप बांधते."

"फौज सोडली?"

"गुडघा गेला त्याचा. पाठवून देल्लं त्याईनं." मग कपाकडे पाहत ते म्हणाले, "बरं झालं म्हनते तो. मी म्हटलं, बरं झालं त बरं झालं." दादा, त्यांनी तुला असं काहीही म्हटलेलं नाही, हे तुला आणि मला माहीत आहे. पण त्यांनी ते चार माणसांत म्हटलं.

उदारामजींनी मान हलवली आणि विचारलं, "घरी नाही येत का मंग?"

"येते ना. पोळ्याले येऊन राहिला. यंदा जोडी तोच सजवनार हाये." आणि त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. वळले तर मी उभी. माझ्या हातातला पुडा घेतला, उघडून पाहिला, थोडी बुंदी तोंडात टाकली आणि म्हणाले, "चाल घरी." सोमवारनंतर माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

घरी आल्यावर मायला बाजूला घेऊन विचारलं, तू सांगितलंस का दादा पोळ्याला येणार म्हणून? ती म्हणाली नाही. मी तर नाहीच सांगितलं. तूही कुठे तसं लिहिलेलं नाहीस. म्हणजे बाबूजींनी पुन्हा एकदा गावाला न झालेली गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि या वेळी कोणी भरीस पाडलं नसताना. काल त्यांनी बैलांचे गोंडे काढून उन्हात ठेवले. शिंगांच्या रंगाचा डबा वाळलाय म्हणून कुरकुरले, आणि नवा आणला तर दोन रंगांचे दोन डबे आणले.

त्यांची मागची गोष्ट मी खोटी पाडली. ही खरी करायची का, ते आता तुझ्यावर आहे. गुडघा दुखत असेल तर तू नुसता बसून रंग दे, जोडी मी फिरवते. बैल दुपारनंतर निघतात, सकाळच्या गाडीने आलास तरी पुरे.

भूमी